शाळेतलं प्लंबिंग आणि बांधकाम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या हायस्कूलमध्ये आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातला एक दिवस वर्कशॉप असतं. शेती, वीज आणि स्वयंपाकघर या कामांच्या तुकड्या आळीपाळीनं फिरतात. नळजोडणी आणि बांधकाम माझ्याकडे आहे. प्रवेशाच्या दिवसांत पालक विचारतात आणि अधूनमधून दुसऱ्या शाळांचे मुख्याध्यापक फोन करून विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं आमच्या अनुभवातली आहेत, त्यामुळे काही ठिकाणी लांबली आहेत.

हे नवीनच काहीतरी निघालंय का?

नाही हो. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नयी तालीम मांडली, तेव्हापासून हाताच्या कामातून शिक्षण हा विचार महाराष्ट्राच्या मातीत आहे. हायस्कूलच्या वेळापत्रकात बसेल असं रूप त्याला दिलं ते पाबळच्या विज्ञान आश्रमानं. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्तान लिव्हरमधले शास्त्रज्ञ. नोकरी सोडून ते शिरूर तालुक्यातल्या पाबळला आले आणि १९८३ मध्ये त्यांनी हा आश्रम सुरू केला. तिथून 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय उभा राहिला. शाळांमध्ये सगळे त्याला 'आयबीटी' म्हणतात. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे त्याचे चार विभाग. मुलांनी आठवड्यातला एक दिवस काम करायचं, शिकवायला गावातला जाणकार कारागीर घ्यायचा आणि जे काम करायचं त्याची गावाला गरज असली पाहिजे, अशी त्याची घडण. पुढे तोच धागा 'मल्टी स्किल फाउंडेशन कोर्स' या नावानं नववी-दहावीच्या व्यवसाय शिक्षणात आला.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे काम शिकावं असं म्हटलंय. त्यामुळे अलीकडे चौकशा वाढल्या आहेत.

माझ्या मुलाला प्लंबर किंवा गवंडी करायचं नाही. मग हे कशाला?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पालकसभेत येतो. विचारणाऱ्यांत निम्मे तरी असे असतात की ज्यांचे वडील किंवा चुलते गवंडीकाम करायचे. मला त्यात गैर वाटत नाही. ज्यानं उन्हातान्हात पाठ मोडून घेतली, त्याला आपलं पोर सावलीत बसावं असं वाटणारच.

आम्ही कारागीर तयार करायचा दावा करत नाही. आठवड्याला चार-पाच तासांत तो होतही नाही. चांगला गवंडी व्हायला वर्षं लागतात आणि त्याच्या हाताचा आम्हाला पुरेसा आदर आहे. मुलाला इथे मिळतं ते वेगळं आहे. आपण केलेल्या कामातून उद्या खरंच पाणी वाहणार आहे आणि ते गळलं तर आपल्याच वर्गाच्या बाहेर चिखल होणार आहे, हे माहीत असताना काम करायची सवय त्याला लागते. वहीत चुकलेलं गणित खोडता येतं. चुकलेला सीपीव्हीसीचा (प्लास्टिकच्या पाइपाचा) सांधा मात्र कापून फेकावा लागतो, आणि एल्बोचे, म्हणजे वळणाच्या जोडाचे, पैसे गेले ते गेलेच.

पहिल्या दिवशी हातात काय देता?

कागद आणि पेन्सिल. हत्यार नाही.

पहिलं काम शाळेच्या पाण्याचा नकाशा काढायचं. बोअरवेलपासून टाकीपर्यंत, टाकीपासून प्रत्येक नळापर्यंत पाइप कुठून जातो आणि तो बंद कुठे होतो ते शोधायचं. दरवर्षी यात गंमत होते. एखादा व्हॉल्व्ह असा निघतो की तो कशाचा हे शिपाईमामांनाही सांगता येत नाही. मुलं एकेक व्हॉल्व्ह बंद करतात आणि कुठला नळ थांबला ते बघायला पळत सुटतात. आमच्याकडे मुतारीमागे एक गेट व्हॉल्व्ह होता. सगळे त्याला मेलेला समजत होते. तो बागेच्या लाइनचा निघाला. बाग तीन वर्षं बादलीनं शिंपली जात होती.

दुसऱ्या आठवड्याला गळका नळ. आधी मोजायचं : सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसाला ८६,४०० थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर सव्वाचार लिटर होतात. खरोखर वीसच थेंब लागतात का, हेही मुलं चमच्यानं तपासतात. नळ जाड असेल तर थेंब मोठा पडतो आणि आकडा वाढतो. मग मागचा व्हॉल्व्ह बंद, नळ उघडा ठेवून पाइपातलं पाणी काढून टाकायचं आणि पान्यानं वरचं डोकं खोलायचं. आतला वॉशर बाहेर काढला की त्यावर गोल खाच पडलेली दिसते. ती खाच बोटानं चाचपून पाहिली की नळ का गळत होता ते वेगळं सांगावं लागत नाही. नवीन पाव फेऱ्याच्या नळांत हा वॉशर नसतो, आतली सिरॅमिकची चकती असलेला अख्खा स्पिंडलच बदलतात. म्हणून शिकवायला जुना पितळी नळ हवाच. भंगारवाल्याकडे मिळतो.

इतक्या प्रकारचे पाइप आहेत. शिकवायचं कशावर?

सीपीव्हीसीवर सुरुवात करा. स्वस्त पडतो आणि काम पटकन होतं. नेम मात्र पाळायला लागतात. पाइप काटकोनात कापायचा. कडेचे तुसे कानशीनं काढायचे. फिटिंगच्या सॉकेटमध्ये, म्हणजे जोडाच्या तोंडात, आधी कोरडाच घालून बघायचा. साधारण एक तृतीयांश ते दोन तृतीयांश आत जाऊन अडला तर जोड बरोबर. सुळकन तळाला गेला तर फिटिंग ढिलं आहे. सोल्युशन (चिकटवायचं द्रावण) पाइपला बाहेरून नीट, सॉकेटला आतून पातळ. मग पाव फेरा फिरवत तळापर्यंत दाबायचं आणि तीस आकडे म्हणेपर्यंत धरून ठेवायचं. ह्या 'तीस आकड्यां'वरच पोरं घसरतात. दहाला सोडतात, सॉकेट पाइपाला हळूच बाहेर ढकलतं आणि कळतं ते पाणी सोडल्यावर.

जीआयचं, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपाचं, काम कष्टाचं आहे. पाइप व्हाइसमध्ये (शिकंज्यात) धरा, आटे पाडायचा डाय लावा, तेल सोडत आटे पाडा. तरी प्रत्येक तुकडीनं एकदा तरी आटे पाडावेत असं माझं मत आहे, कारण आटे म्हणजे काय हे त्याशिवाय हाताला कळत नाही. टेफ्लॉन टेप उलट्या दिशेनं गुंडाळली की फिटिंग फिरवताना ती गोळा होऊन बाहेर येते. ती चूक मी सांगून टाळत नाही, होऊ देतो. जुने मिस्त्री सुतळी आणि सफेदा लावायचे, तेही दाखवतो.

यात गणित-विज्ञान खरंच येतं की नुसतं म्हणायला?

म्हणायला असतं तर मी वर्गशिक्षकांशी वेळेवरून इतका भांडलो नसतो.

मुलांची पक्की समजूत असते की टाकी मोठी तर पाण्याला जोर जास्त. एक पारदर्शक नळी आणि दोन बाटल्या, एक जाडी आणि एक बारीक, घेऊन ही समजूत दहा मिनिटांत मोडते. जोर उंचीवर अवलंबून आहे : दहा मीटर उंचीला जवळजवळ एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर. पाण्याची पातळी नळापेक्षा सहा मीटर वर असेल तर पॉइंट सहा किलो, मग टाकी पाचशे लिटरची असो वा पाच हजारांची. त्यानंतर दुसरा प्रयोग : दहा लिटरची बादली अर्धा इंची नळावर किती सेकंदांत भरते आणि पाऊण इंचीवर किती? व्यास दीडपट, म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ सव्वादोनपट. प्रत्यक्षात वेळेचा हिशोब तितकाच येत नाही. का येत नाही (लांब पाइप, एल्बो, अर्धवट उघडा व्हॉल्व्ह) यावर तास कधी संपतो कळत नाही.

ट्रॅपचं विज्ञान तर दर जूनमध्ये आपोआप येतं. सुट्टीनंतर शाळा उघडली की बाथरूममध्ये उग्र वास. फिनेल ओतून उपयोग नसतो. मोरीच्या जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम उभं असतं आणि तेच गटारातला वास अडवतं. उन्हाळ्यात ते उडून गेलेलं असतं. बादलीभर पाणी ओतलं की वास बंद. आठवीतली मुलं हे घरी जाऊन आईला सांगतात आणि दुसऱ्या दिवशी फुशारक्या मारतात.

सांडपाण्याच्या चार इंची पाइपाला ४० ला १ असा उतार द्यायची जुनी रीत आहे. तीन मीटरच्या लांबीला साडेसात सेंटिमीटर. हे गुणोत्तर पुस्तकात शिकलेल्या मुलांना ते जमिनीवर दोरी बांधून आखायला सांगा, मग खरी परीक्षा होते.

मुलं खरोखर भिंत बांधतात का?

बांधतात. पहिल्या चार-पाच भिंती चिखलात रचायच्या, सिमेंट वापरायचं नाही. म्हणजे संध्याकाळी मोडून त्याच विटा पुढच्या तुकडीला देता येतात. विटा आधी पाण्यात भिजवायच्या, बुडबुडे थांबेपर्यंत. कोरडी वीट मालातलं, म्हणजे विटा जोडायच्या मिश्रणातलं, पाणी ओढून घेते. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. दर थराला ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) लावून भिंत सरळ आहे का बघायचं.

मानक वीट मालासकट २० × १० × १० सेंटिमीटर धरतात, म्हणून घनमीटरला ५०० विटा. आमच्याकडची भट्टीची वीट या मापात कधीच नसते. मुलं दहा विटा ओळीनं ठेवून सरासरी काढतात आणि मग आपला आकडा बसवतात.

काटकोनासाठी तीन-चार-पाच बाजूंचा त्रिकोण. आमचे मिस्त्री मात्र सहा-आठ-दहा फुटांवरच आखतात. का, असं एका नववीतल्या मुलीनं विचारलं. ते म्हणाले, "लहान त्रिकोणात बोटभर चुकलं तर पन्नास फुटांवर हातभर होतं, पोरी." मापनातली त्रुटी यावरचं याहून नेमकं वाक्य मला पाठ्यपुस्तकात सापडलेलं नाही.

सिमेंटचा माल आला की घाई येते. साध्या सिमेंटला अर्ध्या तासानंतर केव्हाही घट्ट व्हायची सुरुवात होऊ शकते, म्हणून लागेल तेवढाच माल कालवायचा. सिमेंट-वाळूचं प्रमाण विटांच्या कामाला एकास सहा, गिलाव्याला एकास चार. आणि बांधून झाल्यावर निदान सात दिवस पाणी मारायचं. त्याची पाळी लावतो. रविवारची पाळी कोणी घेत नाही, त्यावर दरवर्षी वाद.

मुलींनाही हे करायला लावता?

हो, सगळंच. कुठल्याही बांधकामावर जाऊन बघा : घमेलं बाईच्या डोक्यावर, थापी बाप्याच्या हातात. मालाची ने-आण बाईनं करायची आणि मजुरी ज्यात जास्त ते काम दुसऱ्यानं, हे आमच्या वर्कशॉपमध्ये चालत नाही. थापी आणि घमेलं दर अर्ध्या तासाला बदलतात, घड्याळ लावून. पहिल्या वर्षी दोन पालक तक्रार घेऊन आले होते. त्यातल्या एकीची धाकटी आता माझ्याकडे आहे.

इजा झाली तर?

आजवर खरचटणं, बोटावर हातोडी आणि एकदा चार टाके एवढं झालंय. पण नशिबावर सोडत नाही. तुकडी वीसच्या वर नाही. चप्पल घालून आलेला मुलगा त्या दिवशी फक्त नोंदी करतो. सिमेंट अल्कलीधर्मी असल्यानं ओल्या मालानं कातडी पोळते, म्हणून हातमोजे. डोळ्यात उडालं तर निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवायचं आणि थेट दवाखाना. ड्रिल मशीन निदेशक शेजारी असल्याशिवाय नाही. सोल्युशनचं काम उघड्यावर, कारण त्याची वाफ बंद खोलीत डोक्यात चढते. पन्नास किलोची गोणी मुलांनी उचलायची नाही. शिडीवर किंवा पहाडावर (बांधकामाच्या मचाणावर) चढायचं नाही.

आणि चेंबर, सेप्टिक टँक, गटार यांत उतरणं तर दूर, झाकणापाशी वाकूनही बघायचं नाही. त्यातल्या वायूनं माणूस एका श्वासात कोसळतो. २०१३ च्या कायद्यानं गटार आणि सेप्टिक टँकच्या अशा जीवघेण्या सफाईला मनाई आहे, मोठ्या माणसांनासुद्धा. नाली तुंबली तर बाहेरून पट्टी फिरवायला शिकवतो. तेवढंच.

ही बालमजुरी नाही का?

प्रश्न योग्य आहे आणि तो प्रत्येक शाळेनं स्वतःला विचारावा. कायद्यानुसार १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही आणि १४ ते १८ वयाच्या मुलाला धोकादायक कामावर ठेवता येत नाही. आमची कसोटी अशी : काम शिकण्यासाठी निवडलंय की काम उरकण्यासाठी? एकच काम पाचव्यांदा करायची वेळ आली की शिकणं संपलेलं असतं, तिथे आम्ही माणूस लावतो. संस्थेच्या नवीन इमारतीवर 'मुलांची मदत' मागणारा निरोप मला एकदा आला होता. मी नाही म्हणालो, आणि त्या वर्षी मला सुताराची हत्यारं मिळाली नाहीत.

शिकवायचं कोणी? शिक्षकांनी की मिस्त्रींनी?

दोघांनी, एकाच वेळी उभं राहून. मिस्त्रींचा हात चालतो पण ते 'असंच असतं' म्हणून मोकळे होतात. शिक्षकाला 'का' माहीत असतं पण त्याचा ओळंबा डुलत राहतो. मानधनावर गावातला कारागीर घ्या. निवडताना एकच बघा, चूक करणाऱ्या पोराच्या हातातून तो थापी हिसकावून घेतो का. घेत असेल तर माणूस कितीही कसबी असो, शाळेत नको.

मुंबई-पुण्यात कुशल प्लंबर शोधायला गेलात तर ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्याचा माणूस भेटण्याची बरीच शक्यता असते. त्या भागातली कित्येक घरं पिढ्यानपिढ्या याच कामात आहेत आणि तिथल्या पट्टामुंडईला प्लंबिंगची सरकारी संस्थाही आहे. असा कोणी तुमच्या गावात राहत असेल तर एक दिवस त्याला बोलवाच.

हत्यारं किती लागतात?

वीस मुलांना : चार पाइप पाने, दोन पाइप व्हाइस, सहा हॅक्सॉ, अर्धा ते एक इंचाचा एक डाय सेट, दोन पाइप कटर, दहा थाप्या, पाच ओळंबे, पाच गुणे (काटकोन तपासायचे), दोन लेव्हल ट्यूब (पातळी बघायला पाणी भरायच्या पारदर्शक नळ्या), पाच घमेली, दोरी. ड्रिल मशीन पहिल्या वर्षी नसलं तरी चालतं. भिंतीवर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा रंगवून ठेवा, म्हणजे काय जागेवर नाही ते लांबूनच दिसतं.

मी एका शाळेत गेलो होतो, तिथे सगळी हत्यारं नवी कोरी, काचेच्या कपाटात, कुलूप लावून. यादी तपासणीला बरोबर भरत होती.

गावातली कामं घेता का? पैसे कोणाला?

घेतो, छोटी. नळ बदलणं, टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह, शोषखड्डा, अंगणवाडीचा हात धुण्याचा ओटा. घरमालक सामान आणतो, मजुरी थोडी घेतो आणि ती वर्कशॉपच्या खात्यात जाते. खर्चाचा अंदाज आणि बिल मुलं स्वतः लिहितात. फुकट करून देऊ नका. फुकट केलेल्या कामात कोणी खोड काढत नाही आणि खोड काढणारा घरमालक हा फार चांगला परीक्षक असतो.

गुण कसे देता?

पाइपकामाला वर्तमानपत्र. सांध्याखाली कोरडा कागद पसरायचा, लाइन भरायची, रात्रभर ठेवायची. सकाळी कागदावर ओला डाग असेल तर पुन्हा. भिंतीला ओळंबा आणि मीटरपट्टी. उरलेले गुण नोंदवहीला, आणि नोंदवहीत चूक लिहिलेली असेल तर जास्त.

दहावीनंतर काय?

आयटीआयमध्ये प्लंबरचा एक वर्षाचा ट्रेड आहे, आणि काही ट्रेडना दहावी नापास मुलांनाही प्रवेश मिळतो. पॉलिटेक्निकला स्थापत्य पदविका तीन वर्षांची. पाबळला राहून करायचा एक वर्षाचा ग्रामीण तंत्रज्ञानाचा पदविका अभ्यासक्रमही आहे. बाकीची मुलं अकरावीला जातात, तीच जास्त.

शहरातल्या शाळेत जागाच नाही. तिथे?

प्लंबिंगला भिंतीवर आठ बाय चार फुटांचा प्लायवूड पुरतो. त्यावर टाकी, व्हॉल्व्ह, नळ आणि ट्रॅप अशी जोडणी करा, खाली बादली ठेवा. बांधकाम गच्चीवर करू नका, स्लॅबवर विटांचा भार साठतो. सोसायट्यांना विचारा, गळके नळ कुठल्याही इमारतीत मिळतात.

मुलांनी केलेलं काम बिघडलं तर?

बिघडतं. दोन वर्षांपूर्वी हात धुण्याचा ओटा केला. नळ सहा, उतार डावीकडे, तिथे नाली. पातळी लेव्हल ट्यूबनं घेतली, दोन्ही खांबांवर खुणा केल्या, कोबा (सिमेंटचा थर) घातला, सात दिवस पाणी मारलं. सुरू केल्यावर पाणी उजवीकडे साचायला लागलं. मिस्त्री माझ्याकडे बघायला लागले आणि मी त्यांच्याकडे. दोन दिवस कारण सापडेना. मग एका पोरानं कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली ट्यूब तशीच उजेडात धरली. मधोमध वितीएवढा हवेचा बुडबुडा अडकला होता. त्याच्यामुळे दोन टोकांचं पाणी एका पातळीत येतच नव्हतं, आणि आम्ही खुणा त्यावरूनच केल्या होत्या.

कोबा मुलांनीच छिन्नीनं काढला. पुन्हा घातला. आता ट्यूब भरली की आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी बरोबरीला येतं का ते बघतात, न सांगता. ओट्याच्या उजव्या टोकाला जुन्या कोब्याची एक कड तशीच राहिली आहे, शाळेत आलात तर दाखवीन.